ग्रीनलँडच्या हिमगाभ्यात ९३९ आणि ९४६ च्या राखेचा माग: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी: कोणता पट्टा आणि का

ग्रीनलँडच्या हिमगाभ्यातला, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब बर्फदंडातला, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा सलग पट्टा घ्यायचा, त्यातले डोळ्यांना न दिसणारे ज्वालामुखीय काचकण वेगळे करायचे आणि प्रत्येक कण कुठल्या ज्वालामुखीचा ते त्याच्या रसायनावरून ठरवायचे, असे हे काम आहे. या पट्ट्यात दोन मोठे उद्रेक आहेत हे आधीच माहीत आहे. एक आइसलँडमधला एल्दग्याउ, ९३९ च्या वसंतात सुरू झालेला. दुसरा चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवरचा चांगबाइशान, म्हणजेच पेक्तू, ९४६ च्या अखेरीचा. दोन्हींचे काचकण ग्रीनलँडच्या बर्फात यापूर्वी सापडलेले आहेत. नव्याने हे काम करणाऱ्यांनी असाच, उत्तर माहीत असलेला पट्टा आधी घ्यावा. पद्धत कुठे बिघडली तर ती इथे उघडी पडते. अनोळखी थरावर चुकलेले उत्तर आणि बरोबर उत्तर सारखेच दिसते.

ही जोडी निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. एल्दग्याउची काच बेसाल्टी, तपकिरी, लोह आणि टायटॅनियमने भरलेली. चांगबाइशानची काच रंगहीन, सिलिका भरपूर आणि सोडियम फार जास्त. दोन्ही प्रकारांच्या अडचणी वेगळ्या, त्यामुळे एकाच कामात दोन्ही हाताळून होतात.

नमुने सल्फेटच्या शिखरांवरून, म्हणजे उद्रेकाच्या गंधक वायूंपासून बनलेले सल्फेट बर्फात जिथे एकदम वाढते त्या जागांवरून, निवडले नाहीत. एल्दग्याउचे सल्फेट शिखर ठळक आहे, पण चांगबाइशानचा उद्रेक प्रचंड असूनही ग्रीनलँडमध्ये त्याचे सल्फेट किरकोळ आहे. फक्त शिखरे बघून बर्फ कापला असता तर ९४६ ची राख तशीच गाभ्यात राहिली असती. शिवाय राख काही आठवड्यांत खाली बसते, तर स्थितांबरातले सल्फेट दोन-तीन वर्षे झिरपत राहते. म्हणून राख बहुधा शिखराच्या पायथ्याशी मिळते, माथ्यावर नाही. सलग नमुने घेतले की हे दोन्ही प्रश्न मिटतात. त्याची किंमत बर्फात आणि श्रमात मोजावी लागते.

१३ जानेवारी: कापणी

ग्रीनलँडचे गाभे बहुतेक ५५ सें.मी.च्या ‘बॅग’मध्ये नोंदलेले असतात. प्रत्येक बॅगमधून बाहेरच्या कडेची ३ × २ सें.मी. छेदाची पट्टी घेतली, तिचे ११ सें.मी.चे पाच तुकडे केले. एका तुकड्यात ६६ घन सें.मी. बर्फ, म्हणजे साधारण ६० मि.लि. पाणी. वर्षाला २० सें.मी.च्या आसपास बर्फ साचणाऱ्या जागी ११ सें.मी. म्हणजे जवळपास सहा महिने. ९३९ आणि ९४६ यांच्यात दीड मीटरच्या आसपास अंतर येते, म्हणजे दोन्ही राखा एका नमुन्यात मिसळण्याची भीती नाही.

गाभ्याचा आतला भाग मागू नये. तो रसायन आणि समस्थानिकांच्या मोजणीसाठी लागतो आणि तो एकदा वितळला की परत मिळत नाही. काचकणांना कडेची पट्टी चालते, फक्त ती नीट सोलावी लागते. उणे २० अंशांच्या शीतकक्षात सिरॅमिक सुरीने प्रत्येक बाजूचा एक-दोन मि.मी. थर खरवडून टाकला. पोलादी सुरी वापरली तर धातूचे कण येतात आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके दिसत राहतात. गाभा ड्रिलिंगच्या द्रवात काढलेला असेल तर भेगांत तो द्रव मुरलेला असतो. भेगाळलेला तुकडा सरळ बाजूला ठेवावा.

कोऱ्या नमुन्याशिवाय हे काम सुरूच करू नये. अतिशुद्ध पाणी गोठवून त्याचाही तुकडा त्याच करवतीवर कापला, तसाच सोलला आणि पुढच्या प्रत्येक पायरीतून नेला. पुढे त्याचे मोल कळेल.

२० जानेवारी: वितळवणे, खाली बसवणे

तुकडे झाकणबंद भांड्यांत खोलीच्या तापमानाला वितळू दिले. घाईने गरम केल्याने काहीच साधत नाही, फक्त झाकणावर वाफ धरते आणि कण तिथे चिकटतात.

पाणी स्थिर ठेवून कण आपोआप खाली बसतील ही कल्पना हिशेबात टिकत नाही. ५ मायक्रोमीटरचा रंगहीन काचकण १० सें.मी. पाण्यातून खाली यायला सुमारे दीड तास लागतो, २ मायक्रोमीटरच्या कणाला नऊ तासांहून जास्त. त्यात भांड्याला जराशी ऊब लागली तरी पाण्यात प्रवाह सुरू होतात. म्हणून ५० मि.लि.च्या नळ्या घेऊन सेंट्रिफ्यूज केले: मिनिटाला २५०० फेरे, ५ मिनिटे. वरचे पाणी पिपेटने काढताना तळाचे ३-४ मि.लि. सोडले, उरलेले पाणी त्याच नळीत ओतून पुन्हा फिरवले.

इथे वेळ वाया गेला तो ब्रेकमुळे. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक चालू होता, फिरणे झटक्यात थांबत होते आणि तळाशी बसलेला गाळ पुन्हा उठत होता. वरचे पाणी गाळून बघितले तेव्हा त्यात कण मिळाले. ब्रेक बंद करून यंत्र आपसूक थांबू दिल्यावर वरचे पाणी स्वच्छ आले. काढलेले पाणी फेकले नाही, बाटलीत भरून गोठवले. त्यावर आयनांची मोजणी नंतर करता येते.

२७ जानेवारी: स्लाइडवर आटवणे

स्लाइडचा पृष्ठभाग ६०० ग्रिटच्या सिलिकॉन कार्बाइड पावडरने घासून खरबरीत केला, नाहीतर कण पक्के बसवण्यासाठी वर ओतायची इपॉक्सी राळ नंतर सालीसारखी सुटते. घासलेली स्लाइड धुणे हे खरे काम आहे. कार्बाइडचा एक धारदार कण सूक्ष्मदर्शकाखाली गडद काचकणासारखाच दिसतो. पाण्याच्या जोरदार धारेखाली, मग अल्ट्रासॉनिक टाकीत, मग अतिशुद्ध पाण्याने.

हॉटप्लेट ६० अंशांवर. थेंब टाकायचा, आटला की त्याच जागी पुढचा. ९० अंशांवर ठेवली की काम लवकर होते खरे, पण पाण्यात बुडबुडे उठून थेंब उडतात आणि कण दोन सें.मी.च्या चौकोनाबाहेर विखुरतात. आटताना कण थेंबाच्या कडेला ओढले जातात आणि चहाच्या कपाखाली उमटतो तसा गोल डाग बनतो. त्या कडेत कण एकमेकांवर चढतात, धूळ काचेला झाकते. उपाय सोपा निघाला: थेंब लहान ठेवायचे आणि प्रत्येक थेंब आधीच्या कडेपासून जरा सरकवून टाकायचा.

४ फेब्रुवारी: इपॉक्सी

पहिल्या खेपेच्या स्लाइडवर बुडबुडे आले. कारणे दोन. आटवलेल्या डागात ओल शिल्लक होती, आणि थंड इपॉक्सी इतकी घट्ट होती की हवा वर येऊ शकली नाही. बुडबुड्याची गोल कडा आणि फेसाळ काचकणाची कडा यांत फरक करता येतो, पण प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते. त्याहून वाईट म्हणजे घासताना बुडबुडा फुटतो आणि शेजारचा कण घेऊन जातो.

आता स्लाइड रात्रभर ४० अंशांवर ठेवतो, इपॉक्सी मिसळून थोडी कोमट करतो, निर्वातात हवा काढतो आणि थेंब मध्यावर न टाकता एका कडेने सरकू देतो. थर शक्य तितका पातळ. पुढचे सगळे श्रम या जाडीवर अवलंबून आहेत.

१२ फेब्रुवारी: सूक्ष्मदर्शकाखाली

४०० पट मोठे करून, ओळीने, एक ओळ पुढच्या ओळीवर थोडी चढेल अशी पाहणी. क्रॉस केलेल्या ध्रुवकांत, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहताना, काच काळी पडते आणि स्फटिकी धूळ, म्हणजे क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, चमकते. पण फक्त काळी पडते म्हणून ती ज्वालामुखीची काच असे मानता येत नाही. डायॅटमचे, म्हणजे सिलिकाचे कवच असलेल्या सूक्ष्म शैवालांचे, तुकडेही काळे पडतात. त्यांचा वक्रीभवनांक १.४३ ते १.४५, सिलिकाबहुल ज्वालामुखीय काचेचा १.४९ ते १.५१, बेसाल्टी काचेचा १.५८ आणि वर. इपॉक्सी १.५५ ते १.५८ च्या दरम्यान. त्यामुळे रंगहीन काच इपॉक्सीत उठून दिसते, तर बेसाल्टी काचेची कडा पुसट होते आणि ती फक्त तपकिरी रंगावरून सापडते. १० मायक्रोमीटरच्या कणात तो रंगही फिकट असतो. एल्दग्याउच्या खोलीवर पहिल्या पाहणीत कण फारच थोडे वाटले. प्रकाश मंद करून, कंडेन्सर खाली करून पुन्हा पाहिले तेव्हा तिथेच आणखी कण दिसले.

९४६ च्या खोलीवर रंगहीन, पातळ, बुडबुड्याच्या भिंतीसारखे वळलेले तुकडे मिळाले. बहुतेक १५ मायक्रोमीटरच्या आत. शेजारच्या नमुन्यांत तसे जवळपास नाहीत. हा फरक महत्त्वाचा. कणांची संख्या एका नमुन्यात एकदम वाढून पुढच्यात घसरते तेव्हाच तो थर मानावा. प्रत्येक नमुन्यात एखाददुसरा कण मिळत असेल तर ती वाऱ्याने उडालेली जुनी राख असू शकते.

कोऱ्या नमुन्याच्या स्लाइडवरही काही रंगहीन, टोकदार, क्रॉस ध्रुवकांत काळे पडणारे कण होते. नोंद करून ठेवली. ते काय आहेत हे मायक्रोप्रोबवर, म्हणजे कणावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून त्याचे रसायन मोजणाऱ्या यंत्रावर, कळले.

२४ फेब्रुवारी: घासणे

सगळ्यात जास्त कण इथे गमावले जातात. कण इपॉक्सीच्या तळाशी, वर काही दशांश मि.मी. थर. तो वरून घासत कणापर्यंत जायचे, कणाचा पृष्ठभाग सपाट उघडा करायचा, आणि १० मायक्रोमीटरच्या कणात थांबायला जागा असते ती ३-४ मायक्रोमीटरची. त्यापुढे घासले की कण नाहीसा.

खोली मोजायची पद्धत: सूक्ष्मदर्शकाचा बारीक फोकस आधी इपॉक्सीच्या पृष्ठभागावर आणायचा, मग कणावर, आणि ड्रमवरच्या दोन वाचनांतील फरक घ्यायचा. ही भासमान खोली. तिला इपॉक्सीच्या वक्रीभवनांकाने गुणले की खरी मिळते. ड्रमवर २० मायक्रोमीटर फरक असेल तर खरे अंतर ३१ च्या जवळ. हा गुणाकार सोडला तर आपण अजून जवळ आलो असे वाटत राहते आणि तो समज घातक नाही. पण परत येताना, म्हणजे किती थर घासला गेला ते काढताना, तीच चूक उलटी बसते: एका फेरीत जितका थर गेला असे वाटते त्याच्या दीडपटीहून जास्त गेलेला असतो.

पहिल्या स्लाइडवर एका बाजूचे कण उघडे झाले तेव्हा दुसऱ्या बाजूचे कण अजून खोल होते. हाताचा दाब एका बाजूला जास्त पडत होता, पृष्ठभाग पाचरीसारखा झाला. त्यावर उपाय: घासण्याआधी इपॉक्सीवर पेनाने बारीक चौकट आखायची. पेपरवर चार-पाच फेरे मारले की शाई कुठून गेली ते बघायचे. जिथली शाई आधी जाते तिथे दाब जास्त. स्लाइड वळवून धरायची. तेव्हापासून पी२५०० पेपरने सुरुवात, पी४००० वर शेवट, आणि दर काही फेऱ्यांनी सूक्ष्मदर्शक.

हिऱ्याच्या पेस्टवर जाताना ६ मायक्रोमीटरचा टप्पा सोडला. त्या टप्प्यावर अर्धे उघडे झालेले पातळ कण उपटले जात होते, जागी फक्त खळगा राहत होता. ३ मायक्रोमीटर, मग १ मायक्रोमीटर, कमी लव असलेल्या कापडावर, हलक्या दाबाने, एक-दोन मिनिटेच. जास्त वेळ दिला की मऊ इपॉक्सी आधी झिजते, काच उंचवटा होऊन उरते, तिच्या कडा गोलावतात आणि प्रोबवर सगळ्या घटकांच्या टक्क्यांची बेरीज कमी येते.

ॲल्युमिनाची पावडर वापरली नाही आणि वापरू नये. बुडबुड्यांनी भरलेल्या काचकणाच्या पोकळीत ती अडकते आणि विश्लेषणात ॲल्युमिनियम वाढवते. चांगबाइशानची ओळखच ॲल्युमिनियम कमी आणि अल्कली जास्त यावर ठरते, म्हणजे नेमके तेच मोजमाप बिघडते. शेवटची सफाई इथेनॉलच्या धारेने. या टप्प्यावर अल्ट्रासॉनिक टाकी वर्ज्य, उघडे कण निघून जातात.

कार्बनचा लेप देण्याआधी परावर्तित प्रकाशात प्रत्येक उघड्या कणाचा फोटो घेतला आणि स्लाइडवर कोरलेल्या दोन फुल्यांपासूनची अंतरे नोंदली. लेपानंतर रंगहीन कण शोधणे फार अवघड जाते, आणि प्रोबचे तास तेवढ्यासाठी घालवणे परवडत नाही.

१० मार्च: मायक्रोप्रोब, पहिली फेरी

१५ किलोव्होल्ट, ५ मायक्रोमीटरचा झोत, १० नॅनोॲम्पिअर. खडकांच्या खनिजांसाठी हे प्रमाण चालते. काचेसाठी चालले नाही.

हे कळले ते दुय्यम प्रमाणकावरून, म्हणजे रचना आधीच माहीत असलेल्या काचेवरून. लिपारी ऑब्सिडियनमध्ये सोडियम ऑक्साइड ४.१ टक्क्यांच्या जवळ यायला हवे. ते स्पष्टपणे कमी आले आणि सिलिका वर सरकली. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली काचेतले सोडियम झोताच्या जागेवरून सरकते, मोजणी चालू असतानाच त्याचे प्रमाण घटते आणि सिलिका, ॲल्युमिना वाढल्यासारखे दिसतात. झोत जितका लहान आणि प्रवाह जितका जास्त तितके हे लवकर घडते.

आपल्या पट्ट्यात याचा परिणाम किती खोल जातो बघा. चांगबाइशानच्या ९४६ च्या सिलिकाबहुल काचेत सिलिका ७५ टक्क्यांच्या आसपास, ॲल्युमिना १०-११, लोह ऑक्साइड ४, सोडियम ऑक्साइड ५ च्या वर, पोटॅशियम ऑक्साइड ४.५ च्या आत, कॅल्शियम ऑक्साइड जेमतेम ०.२-०.३. अल्कलींचे रेणू ॲल्युमिनापेक्षा जास्त, म्हणजे पेरअल्कलाइन. यातले सोडियम दीड-दोन टक्क्यांनी उडाले तर ती काच साध्या रायोलाइटकडे, म्हणजे नेहमीच्या सिलिकाबहुल ज्वालामुखीय खडकाकडे, सरकते आणि शोध भलत्याच ज्वालामुखींकडे वळतो. या फेरीतले एकही विश्लेषण जुळवणीत घेतले नाही. फाइल मात्र ठेवली, प्रवाहासकट.

याच फेरीत कोऱ्या नमुन्याच्या कणांचा उलगडा झाला. सिलिका ७२, सोडियम ऑक्साइड १३-१४, कॅल्शियम ऑक्साइड ९ च्या जवळ, ॲल्युमिना १-२ टक्केच. हे स्लाइडच्या काचेचे तुकडे. घासून खरबरीत करताना उडालेले, धुण्यातून वाचलेले. फक्त सिलिका बघितली असती तर रायोलाइट म्हणून यादीत गेले असते. ॲल्युमिना दोन टक्क्यांच्या आत दिसली की तो कण सोडून द्यावा.

१९ मार्च: मायक्रोप्रोब, दुसरी फेरी

बदल असे केले. प्रमुख घटकांसाठी प्रवाह २ नॅनोॲम्पिअर, झोत ५ मायक्रोमीटर. सोडियम सगळ्यात आधी मोजायचे. टायटॅनियम, मँगनीज, फॉस्फरस शेवटी, ८० नॅनोॲम्पिअरवर, कारण तोवर सोडियमची मोजणी संपलेली असते. जे कण ५ मायक्रोमीटरच्या झोतात बसत नाहीत त्यांच्यासाठी ३ मायक्रोमीटर आणि प्रमुख घटकांना ०.५ नॅनोॲम्पिअर. लिपारी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. बेसाल्टसाठी बीसीआर-२जी ही प्रमाणक काच तशीच. या वेळी लिपारीचे सोडियम जागेवर आले.

कमी प्रवाहाची किंमत म्हणजे विखुरलेपण. ०.५ नॅनोॲम्पिअरवर एकेका कणाचे आकडे बऱ्यापैकी हलतात, म्हणून एका कणावरून काही म्हणू नये, समूह बघावा. व्होल्टेज १० वर आणून झोताची खोली कमी करता येईल असा विचार झाला होता. पण लोहाची क्ष-किरण रेषा उठायला ७.१ किलोव्होल्ट लागतात, १० वर ती क्षीण होते आणि आपल्याला लोह नेमके हवे आहे. १५ वरच राहिलो.

बेरजेबद्दल: मोठ्या कणांच्या राखेत ९५-९७ टक्क्यांखालचे विश्लेषण टाकून देण्याची पद्धत आहे. ध्रुवीय बर्फातल्या लहान कणांवर तोच नियम लावला तर हातात फार थोडे उरते. झोताचा काही भाग इपॉक्सीत जातो, बेरीज ९४-९५ वर येते, पण घटकांची आपसातली गुणोत्तरे टिकलेली असतात. आम्ही ९४ वर रेघ मारली, आणि बेरीज कमी असून क्लोरीन अचानक जास्त दिसले तर तो कण गाळला, कारण क्लोरीन इपॉक्सीतही असते. सगळी विश्लेषणे १०० टक्क्यांवर आणून मगच तुलना. कच्च्या बेरजा तक्त्यात तशाच ठेवल्या आहेत. दुसऱ्याने आपली रेघ ९५ वर मारायची ठरवली तर त्याला ते करता आले पाहिजे.

२८ मार्च: जुळवणी

क्रम ठरवून ठेवला: आधी रसायन, तारीख नंतर. जुळवणी करणाऱ्याला नमुन्याची खोली दिली नाही, फक्त क्रमांक दिले.

हा हट्ट का, त्याला इतिहास आहे. ग्रीनलँडच्याच ग्रिप नावाच्या गाभ्यात इ.स.पू. सतराव्या शतकातला एक थर आहे. तारीख सांतोरिनीच्या मिनोअन उद्रेकाच्या अपेक्षित काळाशी इतकी जुळत होती की २००३ मध्ये त्यातले काचकण सांतोरिनीचे म्हणून मांडले गेले. २००४ मध्ये दुसऱ्या गटाने तीच विश्लेषणे तपासून दाखवले की कॅल्शियम, टायटॅनियम आणि काही विरळ घटक सांतोरिनीशी बसत नाहीत, अलास्कातल्या ॲनिॲकचॅकशी बसतात. पुढच्या कामाने ते पक्के झाले, आणि तो थर आता इ.स.पू. १६२८ चा मानतात. फरक काही दशांश टक्क्यांचा होता. तारीख डोळ्यांपुढे असली की ते दशांश ‘मोजमापातली चूक’ वाटतात. दक्षिण गोलार्धातही असेच घडले: १४५८ च्या सुमाराचे मोठे सल्फेट शिखर वर्षानुवर्षे व्हानुआतूच्या कुवाएच्या नावावर होते. २०१९ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या गाभ्यातले त्या काळचे काचकण तपासले, ते कुवाएचे निघाले नाहीत.

तर आपले कण. सिलिका–पोटॅशियम, लोह–कॅल्शियम आणि टायटॅनियम–मॅग्नेशियम असे तीन आलेख काढले.

तपकिरी समूह: सिलिका ४७ च्या आसपास, टायटॅनियम ऑक्साइड ४ च्या वर. आइसलँडच्या बेसाल्टांत हा आकडा फार उपयोगी. ग्रिम्सव्होत्नची काच ३ टक्क्यांच्या आसपास थांबते, काट्लाची ४ च्या पुढे जाते. एल्दग्याउ काट्लाच्याच प्रणालीतला. समूह तिथे बसला.

रंगहीन समूह: वरच्या पेरअल्कलाइन आकड्यांवर, आणि त्याबरोबर सिलिका ६५ ते ६८ चे काही कण, ज्यांत ॲल्युमिना १४-१५ आणि पोटॅशियम ५.५ च्या वर. ही ट्रॅकाइटी, म्हणजे सिलिका थोडी कमी असलेली बाजू. चांगबाइशानच्या ९४६ च्या राखेत ही दोन्ही टोके असतात, जपानमधल्या सरोवरांच्या गाळातही ती अशीच जोडीने मिळतात. एका टोकाचा एक कण अनेक ठिकाणी जुळू शकतो. दोन्ही टोके एकाच ११ सें.मी.च्या नमुन्यात मिळणे हा कुठल्याही गुणांकापेक्षा भक्कम पुरावा वाटतो.

समानता गुणांकही काढला, म्हणजे दोन काचांची रसायने किती सारखी ते सांगणारा, पूर्ण जुळणीला १ येणारा आकडा. ०.९५ च्या वर म्हणजे जुळले असे धरायची रीत आहे. मँगनीज आणि फॉस्फरस त्यातून वगळले, कारण ०.०५ टक्क्याच्या आकड्यात मोजमापाची चूकच आकड्याइतकी असते आणि गुणांक उगाच खाली येतो. गुणांकाची खरी मर्यादा वेगळी आहे: एकाच ज्वालामुखीचे दोन वेगळे उद्रेकही ०.९५ च्या वर जुळतात. सुमारे १०,३०० वर्षांपूर्वीची साक्सुनारवात्न राख बराच काळ एकच मानली जात होती, आता तीत ग्रिम्सव्होत्नचे काही शतकांत पसरलेले अनेक उद्रेक आहेत असे दिसते. रसायनावरून ज्वालामुखी कळतो. उद्रेक कोणता ते ठरवायला काळ लागतो.

६ एप्रिल: तारीख

आता नमुन्यांच्या खोल्या उघडल्या. तपकिरी समूह खालच्या बॅगमध्ये, सल्फेट शिखराच्या सुरुवातीला. रंगहीन समूह त्याच्या वर, अपेक्षित अंतरावर.

ग्रीनलँडच्या गाभ्यांच्या जुन्या जीआयसीसी०५ कालगणनेवर दोन्ही थर या काळात सुमारे ७ वर्षे जुने दिसतात, एल्दग्याउ ९३३ च्या जवळ. ७७५ च्या वैश्विक किरणांच्या झटक्याचा बेरिलियम-१० चा ठसा बर्फात आणि कार्बन-१४ चा ठसा झाडांच्या वलयांत आहे. त्यांची सांगड घालून २०१५ मध्ये ही कालगणना दुरुस्त झाली. चांगबाइशानच्या राखेत गाडल्या गेलेल्या झाडात तोच ७७५ चा ठसा सापडला आणि तिथून सालीपर्यंत वलये मोजून ९४६ आले. जुन्या तक्त्यातली तारीख नव्या तक्त्यातल्या उद्रेकाशी ताडू नका. त्यातून भलताच उद्रेक ‘जुळतो’. खोली लिहा, कालगणनेचे नाव लिहा, मग वर्ष.

निरपेक्ष वर्ष बाजूला ठेवले तरी दोन थरांमधली वार्षिक वलये मोजता येतात, आणि तो आकडा कालगणनेच्या दुरुस्तीने हलत नाही. सात वर्षांचे अंतर मिळाले.

१४ एप्रिल: एकटा कण

दोन्ही थरांच्या मधल्या एका नमुन्यात रंगहीन कण मिळाला: सिलिका ७४, ॲल्युमिना १४ च्या जवळ, कॅल्शियम ऑक्साइड १.९, लोह कमी. हे आकडे अलास्कातल्या माउंट चर्चिलच्या व्हाइट रिव्हर राखेसारखे दिसतात. ती राख ग्रीनलँडपर्यंत आणि उत्तर युरोपच्या दलदलींपर्यंत पोहोचली हे २०१४ पासून माहीत आहे, पण ती ८५३ च्या सुमाराची, म्हणजे या नमुन्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधीची. एक कण, एक विश्लेषण, बेरीज ९४ च्या काठावर. तक्त्यात ‘अनिर्णीत’ लिहिले. जमिनीवरून पुन्हा उडालेला जुना कण असू शकतो, करवतीवर दुसऱ्या बॅगमधून आलेला असू शकतो. त्याच करवतीवर त्या आठवड्यात काय कापले गेले याची नोंदवही मागवली आहे. कण पुन्हा मोजता येण्याइतका उरलेला नाही, म्हणून शेजारच्या खोलीची राखीव पट्टी तपासावी लागेल.

२५ एप्रिल: अंटार्क्टिकावर हेच करायचे तर

पुढचा पट्टा अंटार्क्टिकाचा, तेव्हा काय बदलावे लागेल ते लिहून ठेवतो. पूर्व पठारावर डोम सी इथे वर्षाला तीन सें.मी.हूनही कमी बर्फ साचतो, ११ सें.मी.च्या तुकड्यात चार-पाच वर्षे मिसळतील. तिथे २ सें.मी.चे तुकडे घ्यावे लागतील, म्हणजे पाणी कमी, म्हणून छेद मोठा मागावा लागेल. वेस्ट अंटार्क्टिक आइस शीट डिव्हाइडच्या गाभ्यात मात्र वर्षाला २० सें.मी.च्या आसपास, इथलीच मापे चालतील. न्यूझीलंडच्या ताउपोच्या ओरुआनुई महाउद्रेकाचे काचकण त्याच गाभ्यात मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे.

तिथे उगमांची यादीही वेगळी. माउंट बर्लिन, माउंट ताकाहे, माउंट मेलबर्न, रिटमन, डिसेप्शन बेट, साउथ सँडविच बेटे. पश्चिम अंटार्क्टिकाच्या ट्रॅकाइटी राखांत सोडियम जास्त असते, त्यामुळे १० मार्चची नोंद तिथे आणखी कठोरपणे पाळावी लागेल. बर्लिनजवळच्या माउंट मोल्टनच्या निळ्या बर्फात डोळ्यांना दिसणारे जाड थर उघडे आहेत, त्यांतल्या पोटॅशियम फेल्डस्पारवर आर्गॉन पद्धतीने थेट वय काढता येते. ग्रीनलँडमध्ये ही सोय मिळत नाही. तिथले कण त्यासाठी फार लहान.

या पट्ट्यातून उरलेले: प्रत्येक नमुन्याची एक न घासलेली स्लाइड, गोठवलेले पाणी, तीन बॅगांची कडेची राखीव पट्टी. स्लाइड अंधारात, आडव्या ठेवल्या आहेत. कणांची स्थाने, फोटो, दोन्ही फेऱ्यांची कच्ची विश्लेषणे आणि लिपारी व बीसीआर-२जी चे सगळे आकडे एकाच फोल्डरमध्ये आहेत. राखीव पट्टीची कापणी एकट्या कणाच्या खोलीपासून सुरू होईल, खाली आणि वर दोन-दोन नमुने, ५ सें.मी.च्या मापाने.